बोलण्याच्या कामाला ‘काम’ म्हणावे काय? औषध-प्रतिनिधींच्या नोकरीची कायदेशीर कथा

१९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने एका वैद्यकीय प्रतिनिधीच्या खटल्याचा निकाल दिला. मे अँड बेकर (इंडिया) या औषधकंपनीने त्याला कामावरून कमी केले होते आणि औद्योगिक न्यायाधिकरणाने त्याला परत घेण्याचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश टिकू दिला नाही. त्याला काढणे न्याय्य होते की अन्याय्य, हा मुद्दा निर्णायक ठरलाच नाही. प्रश्न त्याच्याही आधी अडला: हा मनुष्य कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ आहे काय? उत्तर नकारार्थी आले.

असे का झाले, हे समजण्यासाठी १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा पाहावा लागतो. त्यातील मूळ व्याख्येनुसार शारीरिक किंवा कारकुनी काम करणारा तो कामगार. प्रतिनिधी अहवाल लिहीत असे, नमुन्यांची जड बॅग वाहत असे. पण न्यायालयाच्या मते हे सारे आनुषंगिक होते. त्याचे मुख्य काम मालाला मागणी मिळवण्याचे, म्हणजे डॉक्टरला पटवण्याचे. ते ना हाताचे, ना लेखणीचे. जिभेच्या कामाला व्याख्येत जागाच नव्हती.

आणि हे जिभेचे काम तर औषधधंद्याचा कणा होते. डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकता न येणाऱ्या औषधाची साबणासारखी जाहिरात करता येत नाही. रोगी ते घेतो, पैसेही तोच देतो. निवड मात्र डॉक्टर करतो. त्यामुळे खरी बाजारपेठ डॉक्टरच्या टेबलापुरतीच उरते आणि तेथवर कंपनीचा शब्द पोहोचवणारा माणूस लागतोच. १९७० चा पेटंट कायदा १९७२ पासून अमलात आला. औषधाच्या रेणूवर नव्हे, तर ते बनवण्याच्या प्रक्रियेवरच पेटंट मिळू लागले आणि एकच औषध अनेक कंपन्यांना निरनिराळ्या नावांनी आणणे सोपे झाले. गुण सारखेच, नावे वेगळी. अशा बाजारात डॉक्टरच्या लक्षात राहणे हेच भांडवल, आणि ते लक्षात आणून देणारा प्रतिनिधी तालुक्यातालुक्यांत दिसू लागला.

या नोकरीची अस्थिरता कारखान्यातील अस्थिरतेहून निराळी. कारखान्याला फाटक असते, भोंगा असतो. एकाला काढले तर शंभरांना त्याच दिवशी कळते. प्रतिनिधी एकटा हिंडतो. त्याचे ‘हेडक्वार्टर’ म्हणजे बहुधा त्याचे राहते घर. महिनाअखेरीस विक्रीचे उद्दिष्ट पुरे झाले नाही, तर स्टॉकिस्टकडे गरजेपेक्षा जास्त माल ढकलून आकडा बसवायचा आणि पुढच्या महिन्यात परत येणाऱ्या मालाची धास्ती घ्यायची. त्याला नकोसे करायचे असेल, तर बडतर्फीचे पत्रही लागत नाही. दूरच्या मुलखात बदली पुरते. मुले शाळेत, पत्नी नोकरीत आणि हाती दुसऱ्या राज्यातील गावाचे नाव! अशा पत्राचे उत्तर अनेकदा राजीनाम्यानेच दिले जाते, आणि कागदोपत्री तो ‘स्वेच्छेचा’ ठरतो.

यात मनोधैर्याचा एक नाजूक धागाही होता. टाय, इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट हा पोशाख कंपनीची प्रतिष्ठा म्हणून मिरवायचा. हुद्द्यात ‘ऑफिसर’ किंवा ‘एक्झिक्युटिव्ह’ असे शब्द. असा माणूस स्वतःला कामगार म्हणवून घ्यायला सहजी तयार होत नाही. न्यायालय म्हणाले, तू कामगार नाहीस. आरसाही तेच सांगत होता. नोकरी जाईपर्यंत हा मान सुखाचा वाटे.

तरीही संघटना झाली. ती झाली यात नवल आहे, कारण एकत्र येण्याची जागा शत्रूच्या तंबूत होती. एकाच डॉक्टरच्या प्रतीक्षागृहात चार प्रतिस्पर्धी कंपन्यांचे प्रतिनिधी तासन्‌तास शेजारी बसतात, एकाच टपरीवर चहा घेतात. आपापल्या साहेबांची वागणूक तेथे ताडून पाहिली जाते. १९६३ मध्ये वैद्यकीय प्रतिनिधींच्या संघटनांचा अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. त्याने राज्यसभेकडे अर्ज केला: कामगाराच्या व्याख्येत आम्हांला घ्या. राज्यसभेच्या याचिका समितीने १९७२ च्या अहवालात म्हटले की, नुसती व्याख्या रुंदावून या वर्गाला सामाजिक न्याय मिळणार नाही. स्वतंत्र कायदा हवा.

तो कायदा आला १९७६ साली, ऐन आणीबाणीत. याच राजवटीने काही महिन्यांपूर्वी किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे इतिहास किती आडवळणाने चालतो ते दिसते. विक्री संवर्धन कर्मचारी (सेवाशर्ती) अधिनियम ६ मार्च १९७६ रोजी अमलात आला. नेमणुकीचे लेखी पत्र देणे मालकावर बंधनकारक झाले. अकरा दिवसांच्या कामामागे एक दिवस अर्जित रजा ठरली. ग्रॅच्युइटी, बोनस, प्रसूतिलाभ यांचे कायदे लागू झाले आणि औद्योगिक विवाद कायद्याचे दारही उघडले.

दार उघडले, पण उंबरठा ठेवून. कमिशन वगळता दरमहा ७५० रुपयांहून अधिक वेतन घेणारा या संरक्षणाबाहेर. महागाईच्या त्या दशकात हा आकडा जाचक होता. पगारवाढ म्हणजे संरक्षणाला मुकणे, असा विलक्षण हिशेब त्यातून निघाला. १९८६ च्या दुरुस्तीने, ६ मे १९८७ पासून, ही अट गेली. मुख्यतः व्यवस्थापकीय काम करणारे आणि १६०० रुपयांहून अधिक वेतनाचे पर्यवेक्षक तेवढे वगळले गेले. त्यानंतर वाद वेतनाकडून हुद्द्याकडे सरकला. अर्थात पत्रावर ‘मॅनेजर’ लिहिले म्हणून माणूस व्यवस्थापक होत नाही. तो प्रत्यक्षात काय करतो ते न्यायालये पाहतात. मात्र ते पाहिले जाईपर्यंत वर्षे जातात.

महाराष्ट्रातील प्रतिनिधींची कथा येथे फुटून वेगळी होते. राज्यात १९७१ चा एक कायदा होता: कामगार संघटनांना मान्यता देणारा आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा. त्याचे मोल एका साध्या गोष्टीत आहे. केंद्रीय कायद्याखाली बडतर्फीचा वाद न्यायालयात जाण्यासाठी आधी सरकारने तो ‘निर्देशित’ करावा लागे. फाइल सचिवालयात पडून राही आणि इकडे घरभाडे थकत जाई. महाराष्ट्राच्या कायद्याखाली कर्मचारी स्वतः थेट तक्रार करू शके आणि अंतरिम आदेशही मिळवू शके. व्यवस्थापकीय धोरणाच्या आडून दुष्ट हेतूने केलेली बदली ही त्या कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट शब्दांत अनुचित प्रथा ठरवलेली आहे. प्रतिनिधींना याहून उपयोगी हत्यार दुसरे नव्हते.

१९९४ साली तेच हातून गेले. सॅन्डोझ (इंडिया) आणि इतर कंपन्यांशी संबंधित प्रकरणांत पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ११ ऑगस्टला निकाल दिला, निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचे. एव्हाना व्याख्येत ‘कुशल’, ‘तांत्रिक’ असे शब्द होते. औषधशास्त्राची माहिती घेऊन डॉक्टरशी बोलणे हे कुशल व तांत्रिक कामच नव्हे काय, असा प्रतिनिधींचा युक्तिवाद होता. पीठाने तो मानला नाही: विक्री संवर्धन हे त्यांपैकी कोणत्याच प्रकारात मोडत नाही. १९७६ च्या कायद्याने दिले ते त्यांचे, पण राज्याच्या कायद्यातील ‘कर्मचारी’ या शब्दात ते येत नाहीत. सबब त्याखालील तक्रारी चालणार नाहीत.

कायद्याचा अर्थ म्हणून हा निकाल सुसंगत आहे. कायद्यात जे लिहिलेले नाही ते न्यायालयाने वाचले नाही. परंतु अनेक वर्षे तक्रार लढवलेल्या माणसाला ‘दार चुकले’ असे सांगितले गेले, हेही तितकेच खरे. पुढे राज्य विधिमंडळाने ‘कर्मचारी’च्या व्याख्येत विक्री संवर्धन कर्मचाऱ्याचा उल्लेख घातला आणि ते दार पुन्हा उघडले. केंद्रीय कायद्यातही २०१० मध्ये, बडतर्फ कामगाराला ठराविक मुदतीनंतर थेट न्यायालयात जाण्याची वाट मिळाली.

१९७६ चा स्वतंत्र कायदा २०२० च्या श्रमसंहितांत विलीन झाला. या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. औद्योगिक संबंध संहितेतील कामगाराच्या व्याख्येत विक्री संवर्धन कर्मचारी आता नावानिशी आहे. १९६१ चा प्रश्न त्या एका उल्लेखाने निकाली निघाला. त्याच संहितेने ठराविक मुदतीच्या नेमणुकीलाही मान्यता दिली आहे. अशी मुदत संपून नोकरी गेली, तर तिला कपात म्हणत नाहीत, आणि कपातीची भरपाईही लागू होत नाही.