पाचव्या नियमाचे मतदार

शिवाजी स्टेडियमच्या मेट्रो स्थानकातून बाहेर पडा आणि गोल मार्केटच्या दिशेने चालू लागा. नवी दिल्ली लोकसभा मतदारसंघ पाहायचा, तर संसद भवनासमोर उभं राहून काही हाती लागत नाही. तिथे निवडून आलेले लोक असतात. निवडून देणारे इकडे, सरकारी क्वार्टरांत राहत. अंगात स्वेटर चढवा, कारण तुम्ही जानेवारी 1952 मध्ये पोचताय आणि रांग मोठी आहे.

तुम्ही सचिवालयातले कारकून आहात, फाळणीच्या आगेमागे दिल्लीत आलेले. रांगेत तुमच्या मागे लाहोरहून सगळं सोडून आलेलं कुटुंब आहे. बायकांच्या रांगेत आवाज चढलाय. मतदार याद्या करायला आलेल्या परक्या पुरुषांपुढे स्वतःचं नाव सांगणं अनेकींना प्रशस्त वाटलं नव्हतं. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढंच त्यांनी लिहवून घेतलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नावं चालणार नाहीत म्हटलं आणि देशभरातून सुमारे 28 लाख बायका यादीबाहेर राहिल्या. आपल्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा लागतो. इथे स्वतःचंच नाव अडलं.

बोटाला शाई लागते. हातात आलेल्या कागदावर उमेदवाराचं नावच नाही! पडद्यामागे गेल्यावर उलगडा होतो: प्रत्येक उमेदवाराची लोखंडी पेटी वेगळी, तिच्यावर चिन्हाचा कागद डकवलेला. तुम्ही फक्त पेटी निवडायची. विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात अशा लाखो पेट्या घडल्यात; ही त्यातलीच का, हे वाकून बघायला मात्र सवड नाही. बैलजोडीची पेटी काँग्रेसच्या मनमोहिनी सहगल यांची. त्या नेहरूंच्या नात्यातल्या, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग भोगलेल्या. झोपडीची पेटी सुचेता कृपलानींची, किसान मजदूर प्रजा पक्षाच्या. राजधानीतली पहिली लढत दोन बायकांमध्ये, आणि पंतप्रधानांच्या डोळ्यांसमोर त्यांचा पक्ष हरतो. पुढच्या खेपेला, 1957 मध्ये, त्याच सुचेताबाई काँग्रेसकडून उभ्या राहतात आणि पुन्हा जिंकतात.

आता दहा वर्षं झपाझप ओलांडू. जुलै 1960 मध्ये केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्त्यासाठीचा संप चिरडला जातो. पुढच्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत जनसंघाचे बलराज मधोक निवडून येतात. संपाचा राग मतपेटीत उतरला, असं माझं मत. 1962 ला पेशावरहून आलेले मेहरचंद खन्ना काँग्रेससाठी जागा परत आणतात. 1967 ला परराष्ट्र सेवेतली नोकरी सोडून आलेले जनसंघाचे मनोहरलाल सोंधी, 1971 ला काँग्रेसच्या मुकुल बॅनर्जी. इथे कोणी पाय पसरून बसत नाही.

पण या दशकात तुमच्या टेबलावर आलेलं एक पुस्तक उघडून बघा. केंद्रीय कर्मचाऱ्यांचे 1964 चे आचरण नियम, त्यातला पाचवा. राजकारणात भाग घ्यायचा नाही. मत देता येईल, पण कोणाला देणार किंवा कोणाला दिलं, याचा सुगावाही लागू द्यायचा नाही. अंगावर, गाडीवर, घरावर निवडणूक चिन्ह लावलं तरी तो प्रचार धरला जाईल. म्हणून प्रचाराच्या ऐन धामधुमीत तुमच्या क्वार्टरच्या भिंती कोऱ्या असतात. संध्याकाळी उमेदवार हात जोडून येतो. तुम्ही त्याला चहा देता, त्याच्यामागून येणाऱ्या विरोधकालाही देता. दोघंही खूश होऊन जातात. आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावर अधिकारी म्हणून बसतात ते तुमचेच सहकारी. निवडणूक घेणारेही तेच, फिरवणारेही तेच!

6 फेब्रुवारी 1977, रविवार. शेजाऱ्यांच्या टीव्हीवर 'बॉबी' लागणार म्हणून मुलं दुपारपासून त्यांच्या दारात. हा पिक्चर आजच का, हे सगळ्यांना कळतंय: रामलीला मैदानावर नुकतेच काँग्रेस सोडून आलेले जगजीवनराम बोलणार आहेत. बस मिळत नाही, तुम्ही चालत निघता. वाटेत ऑफिसातलीच माणसं भेटतात. ओळख दाखवावी की नाही, या विचारात दोन्हीकडून मान अर्धवट हलते. आणीबाणीने तुम्हाला वेळेवर ऑफिसात आणलं, नसबंदीच्या कोट्याने घाम फोडला. त्याआधी 1974 पासूनच वाढीव महागाई भत्त्यातला निम्मा सक्तीने ठेवीत अडकलाय. मैदान तुडुंब भरतं. 'बॉबी' हरते. मार्चमध्ये अटलबिहारी वाजपेयी तुमचे खासदार होतात, आणि परराष्ट्रमंत्रीही.

तीनच वर्षांनी, 1980 ला, तेच वाजपेयी काँग्रेसच्या सी. एम. स्टीफन यांच्यापुढे जेमतेम पाच हजारांनी वाचतात. 1984 ला ते ग्वाल्हेरला जाऊन माधवराव शिंद्यांकडून हरतात. नवी दिल्ली के. सी. पंतांकडे जाते.

20 मे 1991 ची सकाळ. निर्माण भवनाच्या मतदान केंद्राबाहेर उभे राहा. आत तुमचं ऑफिस, आज केंद्र. राजीव गांधी पत्नीसह मत द्यायला आलेत. तेही याच मतदारसंघाचे मतदार. रिंगणात विद्यमान खासदार लालकृष्ण अडवाणी आणि काँग्रेसचे राजेश खन्ना, म्हणजे आपला ठाकुरद्वारचा, गिरगावात वाढलेला मुलगा. त्याच्या सभांना बायका-पोरी लोटल्यात आणि 'फिल्मी गर्दी' म्हणून तिला हसणारे पुढे तोंडात मारल्यासारखे होणार आहेत. दुसऱ्या दिवशी रात्री श्रीपेरंबुदूरहून राजीव यांच्या हत्येची बातमी येते. मोजणी जूनपर्यंत लांबते. अडवाणी 93,662, खन्ना 92,073. अंतर 1,589, दोन-चार क्वार्टर-वसाहती इकडच्या तिकडे झाल्या असत्या तर संपलं होतं. अडवाणी गांधीनगर ठेवतात, ही जागा सोडतात, आणि 1992 च्या पोटनिवडणुकीत खन्ना शत्रुघ्न सिन्हांना पाडून लोकसभेत जातात.

मग 1996, 1998, 1999 असे सलग तीनदा भाजपचे जगमोहन. आणीबाणीत दिल्ली विकास प्राधिकरणाचे उपाध्यक्ष हेच, तुर्कमान गेटच्या पाडापाडीशी नाव जोडलं गेलेलं तेही यांचंच. रामलीला मैदानावर चालत गेलेल्या मतदारसंघाने त्यांना कसं निवडलं? लोक विसरले, असं म्हणणं सोपं आहे. मला वाटतं, विसरायला ते लोकच तिथे नव्हते. निवृत्त झालं की क्वार्टर रिकामं करावं लागतं. 1977 चा कारकून पेन्शनीत मयूर विहारला, द्वारकेला, नोएडाला गेला. त्याच्या जागी आलेल्याला आणीबाणी ऐकून माहीत. दर पिढीला यादीच नवी.

2004 आणि 2009 ला काँग्रेसचे अजय माकन. त्या दोन निवडणुकांच्या मधे, 2008 मध्ये, पुनर्रचनेने करोल बाग, ग्रेटर कैलास, मालवीय नगर, मोती नगर इतकं सगळं यात ओतलं की कारकुनाचं वजन किलोतून ग्रॅमवर आलं. 2014 आणि 2019 ला मीनाक्षी लेखी. सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगरची बैठी-दुमजली क्वार्टरं पाडून टॉवर उभारले जाऊ लागले. 2018 ला तिथल्या झाडांसाठी लोक रस्त्यावर उतरले.

25 मे 2024, शनिवार. उन्हाचा कडाका. 'आप'चे सोमनाथ भारती आणि भाजपच्या बांसुरी स्वराज यांची लढत. बांसुरी 78 हजारांवर मतांनी जिंकणार आहेत. तुम्ही मात्र नोएडातल्या फ्लॅटमध्ये पंख्याखाली बसला आहात. तुमचा मतदारसंघ आता गौतम बुद्ध नगर, राज्य उत्तर प्रदेश. तिथलं मतदान 26 एप्रिललाच उरकलंय. गोल मार्केटला राहणारा पुतण्या फोनवर विचारतो, काका, तुम्ही कोणाला दिलंत? पेन्शनरला पाचवा नियम लागू नाही. तरी तुम्ही त्याला उन्हात टोपी घालून जा एवढंच सांगता आणि फोन काकूकडे देता.