खोपा आणि कोपी

परळी-अंबाजोगाईच्या मुलखात धर्मापुरी नावाचे एक जुने गाव आहे. तेथील केदारेश्वराच्या मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवर चालुक्यकालीन कारागिरांनी सुरसुंदरी कोरून ठेवल्या आहेत. पाहणाराची नजर आधी त्यांच्या अलंकारांवर जाते, मग उभे राहण्याच्या डौलावर. पण त्या काळची दख्खनी शिल्पे पाहताना मुद्दाम केसांकडेही पाहावे. मानेमागे घेऊन, नाहीतर किंचित एका अंगाला झुकवून, भरघोस केस बांधण्याची रीत त्यांत दिसते. आठ-नऊशे वर्षांचे ऊनपाऊस त्या दगडावरून गेले, राज्ये आली आणि गेली. पण आपल्या आजीने पहाटे चुलीपुढे बसण्याआधी घातलेली गाठ हीच.

या गाठीला काय म्हणावे? अमरकोशात बांधलेल्या केसांना ‘धम्मिल्ल’ असा शब्द आहे. काही भाषापंडित त्याचे नाते ‘द्रमिल’ म्हणजे तमिळ देशाच्या नावाशी जोडतात. तसे असेल तर ही केशरचना कोणत्या दिशेने आली, तेच त्या नावाने सांगितले म्हणायचे. मराठीने मात्र धम्मिल्ल पंडितांकडे ठेवला आणि स्वतःसाठी तीन घरगुती शब्द राखले: अंबाडा, बुचडा आणि खोपा.

फ्रेंच लोक याच रचनेला ‘शिन्याँ’ म्हणतात, आणि तो शब्द आता जगभर पोहोचला आहे. त्याचा जुना अर्थ मानेचा मागचा भाग असा आहे. त्याच्याही मागे साखळीवाचक लॅटिन शब्द आहे. मानेचे मणके साखळीच्या कड्यांसारखे एकात एक गुंतलेले, म्हणून ते नाव. केस ज्या जागी विसावले, त्या जागेचेच नाव पुढे केसांना मिळाले. १८६०च्या सुमारास युरोपात या शिन्याँची एवढी चढाओढ लागली की स्वतःचे केस पुरेनात. तेव्हा फ्रान्समधल्या गरीब शेतकरी मुली जत्रेच्या बाजारात आपले केस विकत आणि श्रीमंत बायका ते डोक्यावर मिरवीत. आपल्याकडेही उसन्या केसांना ‘गंगावन’ असा गोड शब्द आहे. पण गरिबाघरची बाई विंचरताना निघालेले गुंतवळच जपून ठेवी आणि त्यानेच आपल्या अंबाड्याला भर आणी.

फ्रेंचांनी जागा पाहिली; आपण काय पाहिले? खोपा म्हणजे घरटे. बाभळीला लोंबणारा सुगरणीचा खोपा खेड्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतो, आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाल्यावर तो शहरातल्या वाचकालाही ठाऊक झाला. खोप, खोपट, खोपी हे शब्दही त्याच कुळातले. त्या सर्वांत आसऱ्याचा अर्थ आहे. काडी काडी गुंफून पाखरू घर करते, तशी बट बट गुंडाळून बाई खोपा घालते. मराठी माणसाला बाईच्या मानेवर घर दिसले.

परंतु हे घर तिच्या मालकीचे होते काय? ज्या घराण्यांत केशवपनाची रूढ होती, तेथे नवरा वारला की बाईचा खोपाही जाई. राखडी, मूद, सोन्याची फुले आधी उतरत आणि मागून केस. कपाळाचे कुंकू पुसले जाई तेव्हा मानेवरचे घरही उठे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनीच विधवांच्या डोक्यावर वस्तरा फिरवायचा नाही असे ठरविले. घर मोडण्याचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांनीच हत्यार खाली ठेवले. आपल्या सामाजिक इतिहासातली ही गोष्ट लहान नव्हे.

बीड जिल्ह्यात या शब्दाला आणखी एक अर्थ येऊन चिकटला आहे, आणि तो कोशात पाहून कळणार नाही. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. पुढे पश्चिम महाराष्ट्रात धुराडी वाढत गेली. १९७२च्या दुष्काळानंतर बालाघाटाच्या कोरडवाहू गावांतून ऊसतोडीला जाणाऱ्यांचा ओघही वाढला. पाटोदा, शिरूर, आष्टी, धारूर, वडवणी या भागांतली माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन बिऱ्हाडासकट निघतात. नवराबायको मिळून हिशेबात एक ‘कोयता’ धरला जातो. फडाजवळ पाचटाची, बांबूची, हल्ली प्लॅस्टिकच्या कागदाची पाले उभी राहतात. त्यांना ‘कोपी’ म्हणतात. खोपी आणि कोपी यांत अंतर असेल तर एका हकाराचे!

तिथली बाई पहाटे अंधारात उठून आधी केस बांधते. वेणी पाचटात अडकते, म्हणून मानेवर घट्ट बुचडा. त्याच्या वर चुंबळ, चुंबळीवर उसाची मोळी. त्या ओझ्याने मान कशी भरून येते, हे तीच जाणे. शिन्याँचा मूळ अर्थ मान, खोप्याचा मूळ अर्थ घर. हे दोन्ही अर्थ एकाच बाईच्या अंगावर असे एकत्र आले आहेत. गळीत हंगाम संपला की कोपी मोडून काड्या तिथेच टाकायच्या आणि गावाकडची वाट धरायची. पुढच्या साली दुसरा फड, दुसरी कोपी.

धर्मापुरीच्या दगडी सुंदरीची गाठ कायमची बसली आहे. या हाडामांसाच्या बाईला मात्र डोक्यावरचा खोपा रोज आणि राहण्याचा खोपा दरसाल नव्याने बांधावा लागतो. वाचकांच्या हाती हा अंक पडेल तेव्हा बीडच्या वाटांवर बिऱ्हाडे लादून ट्रॅक्टर निघालेले असतील. आपल्या फराळाच्या ताटातल्या करंजीत जी साखर आहे, तिचा थोडा भार कोणाच्या तरी मानेवरून आला आहे, एवढे या सणाच्या दिवशी आठवावे.