दहा फुटांवरचं लग्न

१९८६ चा मे महिना, दुपारचे तीन. खिशात हात घालता तर मोबाइल नाही. त्या जागी पेन्सिल सेल आणि इसाराचे ५१ रुपये. तुम्ही सावनेरात आहात. नागपूर-छिंदवाडा नॅरोगेजची गाडी नुकतीच शिट्टी मारून गेली. २०१५ मध्ये ती बंद पडणार, हे अख्ख्या गावात फक्त तुम्हालाच ठाऊक आहे.

गळ्यात यशिका मॅट १२४जी कॅमेरा. आज एकाच मुहूर्ताची दोन लग्नं आली, तेव्हा मोठं स्टुडिओच्या मालकांनी स्वतःकडे ठेवलं आणि हे तुमच्यावर सोपवलं. आजवर तुम्ही फ्लॅश धरायचात, वायरी सोडवायचात. आज बटण तुमच्या बोटाखाली आहे, आणि मजुरीही तुमचीच. पोटात गोळा आलाय.

"काहून घाबरून राहिला बे?" मालक स्कूटरला किक मारता मारता म्हणतात. "नवरदेव तुयापेक्षा जास्त घाबरला असन. मांडव रिकामा आहे तवरच जा. जागा पाहून ठेवजो."

मांडवात सतरंज्या अंथरणारी दोन पोरं आहेत, मागे चुलाणावर आलू-वांग्याची भाजी शिजतेय. बोहल्यासाठी मांडलेल्या पाटांपासून तुम्ही पावलं मोजता. चार पावलं, साधारण दहा फूट. तिथे चुन्याची रेघ ओढता. तुमच्या फ्लॅशचा गाइड नंबर फुटांत ८० आहे. त्याला अंतराने भागायचं: दहा फुटांवर ॲपर्चर ८, पाच फुटांवर १६, वीस फुटांवर ४. लेन्सवर फोकस दहा फुटांना लावून ठेवला की ॲपर्चर ८ ला दीड-दोन फूट मागेपुढे झालं तरी चेहरे साफ येतात. घाईच्या वेळी गणित जमायचं नाही; ते आत्ताच, डोकं ठिकाणावर असताना उरकलेलं बरं.

पिशवीत सहा रोल. चार कृष्णधवल, उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे 'इंदू'. दोन रंगीत, महागाचे. एका रोलवर १२ फोटो, म्हणजे सगळं लग्न ७२ फोटोंत बसवायचं. लग्नपत्रिकेच्या मागे तुम्ही वाटणी लिहिता: वरात ५, अंतरपाट आणि हार ४, मंगळसूत्र २, सप्तपदी ३, आहेर, पंगत, पाठवणी. नातेवाइकांच्या ग्रुपना सगळ्यात जास्त, कारण अल्बमात स्वतःचा चेहरा दिसला नाही की मावशी वर्षानुवर्षं बोलून दाखवते.

वरात यायला उशीर आहे. खुर्चीवर बसलेले एक निवृत्त गुरुजी तुमचे थरथरणारे हात बघतात आणि विषय काढतात, "राम गणेश गडकरी याच गावात वारले, माहीत आहे ना? २३ जानेवारी १९१९. वय अवघं ३३. 'भावबंधन' नाटक इथंच पुरं केलं." मग कॅमेऱ्याकडे बोट दाखवतात. "नाटकवाल्यांची चैन असते, बाबू. तालमी करता येतात. तुझा खेळ एकच."

धीर द्यायचा होता बहुतेक. गोळा आणखी घट्ट होतो.

बँड जवळ येतो. तुम्ही मान खाली घालून काचेत बघता आणि जग उलटं होतं. या कॅमेऱ्यात डावं ते उजवं दिसतं. घोडा इकडून येतोय आणि काचेत तिकडून. पहिला फोटो घाईत उडतो. दुसरा, तिसराही. बोट थांबतच नाही. चौथ्याला फ्लॅश उडतच नाही, कारण फ्लॅशच्या मागचा दिवा अजून लागलेला नाही. चार पेन्सिल सेलना फ्लॅश पुन्हा भरायला आठ-दहा सेकंद लागतात, आणि सेल उतरत गेले की त्याहून जास्त. भीतीचं पहिलं लक्षण हात कापणं नव्हे, उगाच बटण दाबत राहणं. मालक हेच ओरडून सांगायचे; आज कळतं.

कापऱ्या हाताची तर काळजीच नको. फ्लॅशचा उजेड सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाएवढाच टिकतो. तेवढ्यात हात किती हलणार? फोटो बिघडतो तो विसरण्याने: वायर सैल राहिली, दिवा पाहिला नाही, रोल कितव्या आकड्यावर आहे ते ध्यानात नाही.

गोरज मुहूर्त. तुम्ही खांबाआड जाऊन संपलेल्या रोलची चिकटपट्टी जिभेने ओली करून बंद करता. रंगीत रोल घालता, कागदावरचा बाण खुणेला जुळवता, चावी फिरवता. काऊंटरवर १. भटजींना आधीच विचारून ठेवलंय, शेवटचं मंगलाष्टक कोणतं. लोक उठून पुढे सरकायच्या आत नवरीच्या मामाच्या खांद्याला लागून, चुन्याच्या रेघेवर उभे राहता.

आणि दिवे जातात. जनरेटरवाला धावतो, कुणीतरी गॅसबत्ती आणतं. काचेत काहीच दिसत नाही. पण फोकस दहा फुटांवर आहे, पाय रेघेवर आहेत. अक्षता तुमच्या मानेवर, कॅमेऱ्याच्या झाकणात पडतात. चार मंगलाष्टकं होतात, बोट हलत नाही. मागे दिवा लाल. अंतरपाट खाली येतो. एक. मनात दहा मोजता. नवरीचा हार वर जातो. दोन.

पुढचं सगळं कामात जातं. पंगतीत वाढप्या पानात बुंदी टाकतो तेव्हा ध्यानात येतं, पोटातला गोळा जाऊन तिथे भूक आलीये. कधी गेला, आठवत नाही.

ते दुसऱ्या दिवशी डार्करूममध्ये कळतं. लाल दिव्याखाली पहिल्या रोलची कॉन्टॅक्ट प्रिंट उमटते. पहिल्या फोटोत नवरदेवाचा फेटा कापलाय. तिसऱ्यात घोडा उतारावर उभा असल्यागत तिरका. चौथा काळा. पाचवा जरा सावरलेला. सातव्यापासून ओळंबा लावल्यासारखे खांब सरळ. हललेला मात्र एकही नाही.

संध्याकाळी नवरीचे काका स्टुडिओत येतात. "पुढच्या महिन्यात धाकटीचं आहे. तुमीच येसान ना?"

पोटात पुन्हा काहीतरी हलतं. तुम्ही वही उघडता. "मुहूर्त सकाळचा का गोरज?"