गोधडीचा टाका आणि उदरशल्य

टाका म्हणजे दोन कडा जोडणारा दोरा, असा सामान्य समज आहे. गोधडीचा टाका मात्र थरावर थर खिळवून ठेवतो. पोटाची सैल त्वचा काढण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास म्हणजे या दोन अर्थांमधील प्रवास होय.

१८९९ साली बॉल्टिमोरच्या हॉवर्ड केली यांनी लोंबणारी त्वचा व चरबी आडवा छेद घेऊन काढल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. पुढे त्वचेचा पडदा वरपर्यंत सोडवून खाली ओढून शिवण्याची रीत रूढ झाली. परंतु कडा सांधली तरी आत पोकळी उरे. तीत लस साचे. अतिताणाने कडेचा रक्तपुरवठाही खुंटे. नळीने लस काढली, तरी पोकळी तशीच राही.

१९९८ साली ब्राझीलच्या बारूदी व फेरेरा यांनी पडद्याखालची चरबी स्नायूंवरील आवरणास ठिकठिकाणी शिवून पोकळीच मिटविण्याची रीत मांडली. २००० साली अमेरिकेतील पोलॉकद्वयाने प्रत्येक टाक्यागणिक पडदा थोडा थोडा पुढे ओढून ताणही वाटून दिला. पुढील अनेक अभ्यासांत लस साचण्याचे प्रमाण घटलेले आढळले.

पोकळी मिटविणाऱ्या या टाक्यांचे रूढ इंग्रजी नाव रजईच्या शिवणीवरूनच पडले आहे. मराठीत त्यांस ‘गोधडीटाका’ म्हणावे; हेतू नावातच उमगेल.