मूलपेशी : आशेचा आणि सावधगिरीचा इतिहास

ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकी या शहरांवर अणुबॉम्ब पडले. स्फोटाच्या आगीतून जे वाचले, त्यांतील कित्येक जण पुढच्या काही आठवड्यांत दगावले. अंगावर मोठी जखम नाही, भाजल्याची खूण नाही, तरी हिरड्यांतून रक्त येई, त्वचेवर जांभळे डाग उमटत, ताप चढे आणि एरवी क्षुल्लक ठरावा अशा जंतुसंसर्गाने माणूस जाई. किरणोत्सर्गाने हाडांच्या पोकळीतील मज्जा नष्ट झाली होती. शरीरात नवे रक्त तयार होणेच थांबले होते. ज्या मूलपेशींकडे, म्हणजे 'स्टेम सेल'कडे, आजचे वैद्यक इतक्या अपेक्षेने पाहते, त्यांच्या शोधाला खरी चालना मिळाली ती या संहारानंतर. अशा विध्वंसाच्या अभ्यासातून संजीवनीची वाट सापडावी, ही इतिहासाची विचित्र गतीच म्हणावी लागेल.

शब्द मात्र त्याहून जुना आहे. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल याने १८६८ मध्येच मूळपुरुषासारख्या आद्य पेशीसाठी तो योजला होता. परंतु अशी पेशी प्रत्यक्षात आहे, हे सिद्ध व्हायला जवळजवळ एक शतक जावे लागले.

ते काम कॅनडातील टोरांटो शहरात झाले. जेम्स टिल हे भौतिकशास्त्राचे अभ्यासक आणि अर्नेस्ट मॅकलॉक हे वैद्य. दोघांच्या स्वभावात आणि शिक्षणात फारसे साम्य नव्हते. किरणोत्सर्गाने रक्तनिर्मिती थांबलेल्या उंदरांना दुसऱ्या उंदरांची अस्थिमज्जा टोचली तर किती पेशींनी प्राण वाचतो, एवढेच त्यांना मोजायचे होते. एका रविवारी मॅकलॉक प्रयोगशाळेत आले. दहा दिवसांपूर्वी मज्जा दिलेले उंदीर तपासताना त्यांना प्लीहेवर लहान लहान गाठी दिसल्या. दुसऱ्या कोणी त्या रोगाच्या खुणा समजून सोडून दिल्या असत्या. मॅकलॉक यांनी त्या मोजल्या आणि टोचलेल्या पेशींच्या संख्येशी ताडून पाहिल्या. जितक्या पेशी अधिक, तितक्या गाठी अधिक. साधारण दहा हजार पेशींमागे एक गाठ. १९६१ मध्ये हा निबंध किरणोत्सर्गविषयक नियतकालिकात छापला गेला आणि फारसा गाजला नाही. १९६३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिले की, प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढलेली असते आणि तीत निरनिराळ्या प्रकारच्या रक्तपेशी असतात. जी स्वतःसारखी पेशी निर्माण करते आणि वेगवेगळ्या कामांच्या पेशींनाही जन्म देते ती मूलपेशी, ही आज शाळकरी विद्यार्थ्यालाही सांगता येईल अशी व्याख्या त्या गाठींच्या मोजणीतून आली. या जोडीला नोबेल पारितोषिक मिळाले नाही, याची खंत अनेक संशोधकांनी व्यक्त केली आहे.

रुग्णशय्येपाशी मात्र वाट अधिक बिकट होती. अमेरिकेत डॉ. डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्ये सहा रुग्णांना दुसऱ्याची अस्थिमज्जा दिली. शंभर दिवसांच्या आत सहाही जण मरण पावले. पुढच्याच वर्षी युगोस्लाव्हियातील विंचा येथील अणुभट्टीत अपघात झाला. किरणोत्सर्गाने होरपळलेल्या सहा तरुणांना पॅरिसला नेण्यात आले आणि त्यांपैकी पाच जणांना डॉ. जॉर्ज माते यांनी फ्रेंच दात्यांची मज्जा दिली. त्या पाचांतील चार जण वाचले. त्यांचा जीव मज्जेने वाचला की शरीर आपणहून सावरले, यावर तज्ज्ञांत मतभेद राहिले आहेत. परंतु त्या काळी कोणताही भरवसा नसताना, मोठ्या सुईने हाडांतून मज्जा काढून घेण्यास परदेशी अनोळखी माणसांसाठी तयार झालेल्या त्या फ्रेंच स्त्री-पुरुषांचे स्मरण राहिले पाहिजे.

दात्याची मज्जा रुग्णाचे शरीर नाकारते, किंवा उलट ती मज्जाच रुग्णाच्या शरीरावर हल्ला करते, ही खरी अडचण होती. पॅरिसमध्येच १९५८ मध्ये ज्याँ दॉसे यांनी पांढऱ्या पेशींवरील ओळखचिन्हे शोधून काढली आणि दाता जुळवण्याचे शास्त्र उभे राहू लागले. १९६८ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथे डॉ. रॉबर्ट गुड यांनी जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या एका तान्ह्या मुलाला त्याच्या बहिणीची मज्जा दिली आणि ते मूल वाचले. थॉमस यांनीही अपयशाने हात टेकले नाहीत. ते श्वानांवर प्रयोग करीत राहिले, पुढे सिएटल येथे गेले आणि १९९० मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

या सिएटलशी मुंबईचा धागा जुळला तो डॉ. सुरेश अडवाणी यांच्यामुळे. बालपणी पोलिओने पाय गेलेला हा विद्यार्थी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाला, सिएटलला जाऊन मज्जारोपणाचे तंत्र शिकून आला आणि चाकाच्या खुर्चीतून टाटा मेमोरियल रुग्णालयात फिरू लागला. मार्च १९८३ मध्ये तेथे रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीवर भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जारोपण त्यांनी केले. त्या वेळी या उपचाराला लागणाऱ्या जंतुविरहित खोल्या आणि रक्तघटकांची सोय आपल्या देशात अगदी तुटपुंजी होती. काही वर्षांतच वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही हे काम सुरू झाले. मूलपेशींचे पूर्णतः सिद्ध झालेले, सर्वमान्य उपचार कोणते, असा प्रश्न आजही केला तर उत्तरात पहिले नाव याच उपचाराचे घ्यावे लागते.

मग वाद कशाचा? वाद उद्भवला तो भ्रूणामुळे. १९८१ मध्ये केंब्रिजचे मार्टिन इव्हान्स व मॅथ्यू कॉफमन आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या गेल मार्टिन यांनी उंदराच्या भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या केल्या. नोव्हेंबर १९९८ मध्ये विस्कॉन्सिनचे जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणाबाबत तेच साधले. गर्भधारणेनंतर सुमारे पाच दिवसांचा, डोळ्यांना जेमतेम दिसेल असा तो पेशींचा पुंजका. त्यातील आतल्या पेशी शरीरातील कोणत्याही अवयवाची पेशी होऊ शकतात. परंतु त्या काढताना तो भ्रूण उरत नाही. थॉमसन यांनी वापरलेले भ्रूण वंध्यत्वावरील उपचारानंतर शिल्लक राहिलेले आणि आईवडिलांनी संमतीने दिलेले होते. तरीही प्रश्न राहतोच. एका जिवाच्या दुःखनिवारणासाठी दुसऱ्या, अजून आकारास न आलेल्या जिवाचा उपयोग करावा काय? अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला हा प्रश्न परका वाटणार नाही.

ब्रिटनने मेरी वॉरनॉक यांच्या समितीच्या १९८४ च्या अहवालानुसार, भ्रूणाच्या संशोधनाला चौदाव्या दिवसाची मर्यादा घालून १९९० मध्ये कायदा केला. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ९ ऑगस्ट २००१ रोजी निराळा मार्ग काढला : त्या दिवसापर्यंत तयार झालेल्या पेशींवरील संशोधनालाच सरकारी पैसा मिळेल, नव्या भ्रूणांचा नाश करून केलेल्या कामाला नाही. अशा मान्य पेशीवंशांची यादी प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसची आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राची नावे झळकली. भारतातील वृत्तपत्रांना याचा अभिमान वाटला. आपल्याकडे भ्रूणाच्या प्रश्नाची सार्वजनिक चर्चा मात्र तेव्हा फारशी झाली नाही. बुश यांचे बंधन २००९ मध्ये बराक ओबामा यांनी उठवले.

याच काळात आशेचे रूपांतर अधीरतेत झाले की काय होते, हे दक्षिण कोरियाने दाखवले. सोल राष्ट्रीय विद्यापीठाचे ह्वांग वू-सुक यांनी २००४ आणि २००५ मध्ये जाहीर केले की, रुग्णांच्याच पेशींपासून प्रतिभ्रूण बनवून त्यांतून मूलपेशी मिळवल्या आहेत. देशभर आनंदाचे उधाण आले. चाकाच्या खुर्चीतून माणूस उठून उभा राहतो आहे, असे चित्र असलेले टपाल तिकीटही सरकारने काढले. पुढे उघडकीस आले की, त्या पेशी अस्तित्वातच नव्हत्या. आकडे आणि छायाचित्रे बनावट होती आणि स्त्रीबीजे पैसे देऊन, तसेच हाताखालच्या तरुण संशोधिकांकडूनही घेतली होती. जानेवारी २००६ मध्ये दोन्ही निबंध मागे घेण्यात आले. त्या तिकिटाकडे पाहून ज्या अपंगांनी दिवस मोजले असतील, त्यांची फसवणूक कोणत्या न्यायालयात मोजली जाणार?

त्याच वर्षी जपानमधून आलेली वार्ता मात्र खरी ठरली. क्योटोचे शिन्या यामानाका मूळचे अस्थिरोगतज्ज्ञ होऊ पाहणारे. शस्त्रक्रियेत हात जड, म्हणून सहकारी त्यांची थट्टा करीत. एका मित्राच्या वंध्यत्वनिवारण केंद्रात सूक्ष्मदर्शकाखाली भ्रूण पाहताना त्यांना आपल्या मुलींची आठवण झाली आणि भ्रूणाला हात न लावता हे साधता येईल काय, या विचाराने त्यांना पछाडले. त्यांनी चोवीस जनुके निवडली आणि एकेक वगळत चारांवर आले. ही चार जनुके घातली की त्वचेची प्रौढ पेशी पुन्हा बाल्यावस्थेत जाते, हे २००६ मध्ये उंदरात आणि २००७ मध्ये मानवी पेशींत सिद्ध झाले. २०१२ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणि १९६२ मध्ये बेडकावर या विचाराचा पाया घालणारे जॉन गर्डन यांना विभागून मिळाले. वादविवादाने जे सुटले नाही, ते एका नैतिक अस्वस्थतेने सोडवले. अर्थात या पेशींनाही दोष आहेत : त्या बेसुमार वाढल्या तर गाठ होऊ शकते. सप्टेंबर २०१४ मध्ये कोबे येथे मासायो ताकाहाशी यांच्या गटाने एका वृद्धेच्या डोळ्यात अशा पेशींचा पडदा बसवला. परंतु दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल आढळताच त्यांनी ती शस्त्रक्रिया केलीच नाही. हा थांबण्याचा निर्णयही पहिल्या शस्त्रक्रियेइतकाच मोलाचा आहे.

भारतापुरते बोलायचे तर हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेचे काम विसरता येणार नाही. पानतंबाखूच्या चुन्याची पुडी मुलांच्या हाती लागते, फुटते आणि चुना डोळ्यांत उडतो. बुबुळाच्या कडेला असलेल्या मूलपेशी जळाल्या की डोळा पांढरा पडत जातो. डॉ. वीरेंद्र सांगवान आणि त्यांचे सहकारी निरोगी डोळ्याच्या कडेचा दोन मिलिमीटरांचा तुकडा घेऊन, त्याचे बारीक कण करून, ते जखमी डोळ्यावर प्रसूतीनंतरच्या पातळ गर्भावरणाच्या आधाराने बसवू लागले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. गाजावाजा न होता अनेकांना दृष्टी मिळाली.

गाजावाजा होतो तो अन्यत्र. मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता, मणक्याची इजा, स्नायूंचा क्षय अशा असाध्य दुखण्यांवर 'मूलपेशी उपचार' देणारी केंद्रे देशोदेशी निघाली. २०१७ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा येथील एका केंद्रात चरबीतून काढलेल्या पेशी दोन्ही डोळ्यांत टोचल्याने तीन स्त्रियांची दृष्टी गेल्याचे वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००७, २०१३ आणि २०१७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली. रक्ताच्या ठरावीक विकारांवरील रोपण वगळता मूलपेशींचा उपयोग केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा आणि चाचणीतील रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. ज्या घरात अंथरुणाला खिळलेले मूल आहे, ते घर दागिने विकूनही पैसे उभे करते, हे जाहिरात लिहिणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून 'पैसे किती' या प्रश्नाआधी 'ही नोंदणीकृत चाचणी आहे काय' हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

नाळेच्या रक्ताचेही तसेच झाले. १९८८ मध्ये पॅरिसला डॉ. एलिआन ग्लुकमन यांनी नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त देऊन एका मुलाला वाचवले, ही घटना ऐतिहासिकच होय. परंतु तेथे रक्त बहिणीचे होते. स्वतःच्या बाळाचे नाळरक्त त्याच्याच भावी आजारासाठी हप्त्यांनी साठवावे, या खासगी पेढ्यांच्या जाहिरातीला शास्त्रीय आधार नाही, असे परिषदेने म्हटले आहे. कारण जन्मजात रक्तदोष असेल तर तो त्या रक्तातही असतोच.

खऱ्या आशेची चिन्हे अलीकडची आहेत. सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रोगांवर रुग्णाच्याच मूलपेशींत जनुकीय दुरुस्ती करण्याच्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये मान्यता मिळाली; अमेरिकेत ती सिकलसेलसाठी २०२३ च्या अखेरीस आणि थॅलेसेमियासाठी जानेवारी २०२४ मध्ये मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर ठरली. गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेल पिढ्यान्‌पिढ्या आहे, तेथे हा आकडा निरर्थक आहे. २०२५ मध्ये मधुमेहाच्या पहिल्या प्रकारावरील एका चाचणीचे निष्कर्ष आले : मूलपेशींपासून बनवलेल्या इन्सुलिनकारक पेशींची पूर्ण मात्रा मिळालेल्या बारांपैकी दहा रुग्णांना वर्षभरानंतर इन्सुलिनची गरज उरली नव्हती. मात्र प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे त्यांना चालू ठेवावी लागतात.

तोवर रक्ताच्या रोग्यांचा आधार म्हणजे जुळणारा दाता. सख्खे भावंड जुळण्याची शक्यता चारांत एक असते आणि कुटुंबे लहान होत चालली आहेत, म्हणून अनोळखी दात्यांच्या नोंदवह्या लागतात. नोंदणीसाठी गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून नमुना घेतात. पुढे कोणाशी जुळल्यास बहुधा दंडातील शिरेतूनच, काही तासांत, पेशी वेगळ्या करून बाकीचे रक्त परत दिले जाते. जर्मनीत अशा नोंदवलेल्या दात्यांची संख्या कोटीच्या घरात आहे. भारतात ती काही लाखांत आहे.