भेटीची वेळ

इस्पितळांच्या इतिहासात शस्त्रक्रियांची आणि औषधांची हकीकत भरपूर असते. पण ज्या आईचे मूल आत आहे आणि जी दाराबाहेर उभी आहे तिची हकीकत फारशी कोणी सांगत नाही. ती मी इंग्लंडची सांगतो, कारण तिथे हा झगडा चव्हाट्यावर आला.

१९४९ सालच्या लंडनमधील भेटीच्या वेळा ऐका. गाय्ज इस्पितळात रविवारी २ ते ४. सेंट टॉमसमध्ये पहिला महिना भेट नाही. संध्याकाळी ७ ते ८ या वेळात झोपलेले मूल तेवढे पाहून जावे. वेस्ट लंडन इस्पितळात भेट मुळीच नाही. मूळ कारण संसर्गाची भीती, आणि ती काही खोटी नव्हती. पण त्याला दुसरे एक कारण चिकटले होते. आई आली की मूल रडते, गेली की गप्प होते. तेव्हा त्रास आईचाच! हे ऐकून घरी गेलेल्या बाईच्या मनाचे काय होत असेल? आठवड्याने ती येते, तर मूल तोंड फिरवते. पोरगे आपल्याला विसरले असे तिला वाटते. नाहीतर आपलेच काही चुकले असे वाटते. आधी नुसती काळजी होती, तिच्यावर आता अपराधाचे ओझे चढते.

हे कोडे उलगडले जेम्स रॉबर्टसनने. हा स्कॉटलंडच्या कामगार कुटुंबातला माणूस. युद्धकाळात ॲना फ्रॉइडच्या बालगृहात तो बॉयलर सांभाळी. तिथे नियम असा की, पोरांविषयी जे दिसेल ते प्रत्येक नोकराने कागदावर टिपून ठेवायचे, बॉयलरवाल्यानेसुद्धा. (आमच्या कारखान्यांत असा नियम असता तर!) पुढे त्याने इस्पितळातल्या दोन वर्षांच्या एका मुलीचे आठ दिवस चित्रित केले आणि दाखवून दिले की, गप्प झालेले मूल रुळलेले नसते, हताश झालेले असते. १९५२ साली लंडनच्या वैद्यक सभेत हा चित्रपट दाखवला, तेव्हा बरेच डॉक्टर संतापले. ही इस्पितळांची बदनामी आहे, म्हणाले.

न्यूकॅसलचे डॉ. जेम्स स्पेन्स मात्र १९२०च्या दशकापासूनच आईला मुलाजवळ ठेवून घेत, शुश्रूषाही तिच्याच हातून करवीत. त्यात मुलाचे हित आहेच, पण आईचेही आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मूल आपल्या हाताने बरे झाले हा विश्वास घेऊन ती घरी जाते. माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचे मर्म इथे आहे. काळजी कामाला लागली की माणसाला तितकी खात नाही. रिकाम्या हातांनी बाकावर बसलेल्या आईला ती पोखरते.

१९५९ साली प्लॅट समितीने भेटीवरची बंधने उठवा, लहान मुलाबरोबर आईला राहू द्या, अशी शिफारस केली. सरकारने ती मानली. वॉर्डात ती उतरायला मात्र वर्षे लागली. तेव्हा १९६१ साली लंडनच्या बॅटरसी भागातल्या काही आयांनी संघटना उभी केली आणि कोणते इस्पितळ शिफारस पाळते, कोणते नाही, याची चौकशी आरंभली. संघटना बांधणारा माणूस म्हणून मला यातले एक विशेष वाटते. एकट्या घरात जो आपला दोष वाटत होता, तो दहाजणी बसल्यावर नियमाचा दोष ठरला.

आपल्या सरकारी इस्पितळांत आईला बहुधा खाटेजवळ बसू देतात. रात्री ती जमिनीवरच आडवी होते. पण रोजंदारीवरच्या बाईचा खाडा भरतो, मुकादम दुसरीला कामावर घेतो, आणि घरी उरलेली दोन पोरे शेजारणीच्या भरवशावर असतात. मुलाच्या केसपेपरवर यातले काही लिहिले जात नाही.