परमुलखातील गुरू

फुटबॉलचे नियम इंग्लंडात १८६३ साली लेखनिविष्ट झाले. ज्या देशाने हा खेळ जगाला दिला, त्या देशालाच पुढे तो परक्यांकडून शिकण्याची पाळी यावी, हे नवल खरेच. ते कसे घडले याचे उत्तर आम्हांस एका गुरुशिष्यसंबंधात सापडते.

ह्यूगो माइसल हे व्हिएन्नातील गृहस्थ नोकरीने बँकेतले, पण मनाने सर्वस्वी फुटबॉलचे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकसाठी ऑस्ट्रियाचा संघ तयार करावयाचा होता. त्यासाठी त्यांनी जिमी होगन या इंग्रज शिक्षकास पाचारण केले. होगन १८८२ साली लँकेशायरमधील नेल्सन गावी जन्मलेले आणि बर्नली, फुलहॅम, बोल्टन या संघांतून खेळलेले. त्या काळी इंग्लंडात एक विचित्र समजूत रूढ होती. आठवडाभर खेळाडूस चेंडूपासून दूर ठेवावे, म्हणजे शनिवारी तो चेंडूसाठी भुकेला राहील! सराव म्हणजे नुसते धावणे. होगन यांचे मत नेमके उलटे होते. चेंडूशी सलगी रोजच्या रोज वाढवावी, तो जमिनीलगत ठेवावा, जवळच्या सोबत्याकडे अचूक द्यावा आणि देऊन झाले की स्वस्थ उभे न राहता मोकळी जागा गाठावी. चढाई ही ताकदीची नव्हे, विचाराची बाब आहे, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा होता. माइसल यांनी तो मनापासून उचलला.

१९१४ साली महायुद्ध पेटले आणि व्हिएन्नातला हा इंग्रज शत्रुराष्ट्राचा प्रजाजन म्हणून अटकेत पडला. पुढे बुडापेस्टच्या एमटीके क्लबाने त्यांना आपल्याकडे नेले. तेथे त्यांनी ओर्थ आणि ब्राउन यांसारखी कोवळी पोरे घडविली. १९१७ पासून १९२५ पर्यंत सलग नऊ वेळा हंगेरीचे अजिंक्यपद या क्लबाकडे राहिले. युद्धानंतर होगन मायदेशी परतले, तेव्हा तेथे त्यांचे स्वागत थंडच झाले. शत्रूच्या मुलखात राहिलेल्या माणसाची कोणास काय पर्वा!

माइसल मात्र गुरूला विसरले नाहीत. त्यांच्या ऑस्ट्रियन संघाने १६ मे १९३१ रोजी व्हिएन्नात स्कॉटलंडला ५–० असे नमविले. लहान लहान पासांचा हा खेळ मूळ स्कॉटिश वळणाचा. तोच स्कॉटलंडवर उलटला, हा योगायोग मोठा बोलका आहे. १९३२ च्या डिसेंबरात लंडनला इंग्लंडशी सामना ठरला, तेव्हा तयारीसाठी माइसल यांनी पुन्हा होगन यांनाच बोलावले. ऑस्ट्रिया ४–३ असा हरला, पण इंग्लंडला घाम फुटला. या संघाचा सेंटर फॉरवर्ड सिंडेलार देहाने इतका किरकोळ की लोक त्याला ‘कागदी माणूस’ म्हणत. तो गोलासमोर तळ ठोकून न बसता मागे सरे आणि सोबत्यांना वाट करून देई. जुन्या मांडणीत हा नवा प्राण होता.

हेच बीज हंगेरीत फळले. प्रशिक्षक गुस्ताव सेबेश स्वतः एमटीकेचे जुने खेळाडू. त्यांचा सेंटर फॉरवर्ड हिदेगकुटीही त्याच क्लबाचा. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्बलीवर हिदेगकुटी मागे राहून खेळला. त्याच्यामागे जावे तर बचावात खिंडार पडे. न जावे तर तो मोकळा सुटे. इंग्लंडच्या जॉन्स्टन यास हे कोडे अखेरपर्यंत उलगडले नाही. हिदेगकुटीने तीन गोल केले आणि हंगेरी ६–३ अशी जिंकली. सहा महिन्यांनी बुडापेस्टला तर निकाल ७–१ लागला. वेम्बलीच्या त्या गर्दीत एकाहत्तर वर्षांचे होगन ॲस्टन व्हिलाची तरुण मुले घेऊन बसले होते. विजयानंतर हंगेरियनांनी आपल्या विद्येचे श्रेय उघडपणे त्यांना दिले.

येथे आम्हांस एक गोष्ट ठळकपणे सांगावयाची आहे. होगन यांनी शिष्यांना ठरीव डाव दिला असता, तर तो चार वर्षांत शिळा झाला असता. त्यांनी दिली ती चेंडूवरची हुकमत आणि विचार करण्याची सवय. म्हणूनच माइसल व सेबेश गुरूच्या पुढे जाऊ शकले. आणि इंग्लंड? गुरू त्यांच्याच घरचा होता, तो आजूबाजूस वावरतही होता. त्याला विचारावयास मात्र फार थोडे गेले. विद्या घरात असणे वेगळे आणि ती घेण्याची नम्रता असणे वेगळे. पहिलीवाचून माइसल यांचे अडले नाही. दुसरीवाचून इंग्लंडचे अडले.